उन्हाचं उन्हाला, फ्रीझरचं फ्रीझरला: घरच्या साठवणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचवटीत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर, डोक्यावर मोकळी गच्ची आणि स्वयंपाकघरात एक दोन दारांचा फ्रिज. खाणारी माणसं चार. भिशीत आणि जिन्यात तेच तेच प्रश्न विचारले जातात, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. क्रम आठवला तसा आहे.

काकू, सुरुवात कुठून करू? आधी मोठा फ्रीझर घ्यावा लागेल का?

नको गं. आधी एक वही घे. ओट्याजवळ पेन्सिल बांधून ठेव आणि महिनाभर एवढंच टिप: काय संपलं, काय फेकलं, आणि ऐनवेळी काय आणायला कुणाला खाली पिटाळलं. आमच्या पहिल्या वहीत निघालं की टोमॅटो आणि ओलं खोबरं कायम कमी पडतं, आणि हौसेने भरलेले सोयाबीनचे वडे दोन वर्षं जागचे हलले नव्हते. म्हणजे मी पैसे साठवत नव्हते, जागा अडवत होते.

दुसरं म्हणजे, ज्याचं काम उन्हाने भागतं ते फ्रीझरमध्ये कोंबायचं नाही. नाशिकची एप्रिल-मेची हवा कोरडी ठणठणीत असते. माझी नणंद मुंबईला दमट हवेत पापड वाळवताना रडकुंडीला येते, इथे सकाळी घातलेली कुरडई दुसऱ्या दिवशी कागदापासून आपोआप सुटते. पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या, कडधान्यं, मसाला यांना विजेचं बिल लागत नाही. फ्रीझरचा कप्पा राखायचा तो उन्हात ज्याची चव मरते त्याच्यासाठी: हिरवे दाणे, टोमॅटोचा रस, ओलं खोबरं, मोड आलेली मटकी, अर्धवट तयार पदार्थ. एवढं पाळलंत तर साधा घरचा फ्रिज पुरतो.

एक दारवाल्या फ्रिजमधला वरचा बर्फाचा कप्पा मात्र यात धरू नका. लांबच्या साठवणीला उणे १८ अंश लागतात. तो कप्पा तितका गार राहीलच असं नाही, शिवाय दर थोड्या दिवसांनी त्याचा बर्फ वितळवावा लागतो. त्यात आठ-पंधरा दिवसांचं ठेवा, वर्षाचं नको.

कोणत्या महिन्यात काय भरायचं?

आपल्या जिल्ह्यात राहून हा प्रश्न पडतो याचंच नवल वाटतं. अर्धा महाराष्ट्र जे विकत आणतो ते आपल्या दारात पिकतं.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे थंडी कडाडते तेव्हा वाटाणा स्वस्त होतो. त्याच सुमाराला तुरीच्या ओल्या शेंगा येतात, मागोमाग सोलाणे, म्हणजे हिरवे हरभरे. सोलाण्याची आमटी ज्याच्या घरी होते त्याने जानेवारीत एक रविवार सोलायला बाजूला ठेवावाच, कारण ती आमटी जूनमध्ये पावसाच्या पहिल्या सरीला खरी लागते. फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षं. मार्चपासून उन्हाळ कांदा, नवा गहू, लाल मिरची. एप्रिल-मे म्हणजे वाळवण, कैरी, लोणचं. जून-जुलैत काही भरायचं नसतं, भरलेलं खायचं असतं. ऑगस्टपासून टोमॅटो आणि अळू. दिवाळीनंतर घोटी-इगतपुरीचा नवा इंद्रायणी तांदूळ. तो नवा असताना गिचका होतो, म्हणून आम्ही घेतो या वर्षी आणि खातो पुढच्या वर्षी. खिचडीसाठी मात्र नवाच बरा.

वाटाणा फ्रीझरमध्ये ठेवला की रबरासारखा होतो. काय चुकतं?

उकळत्या पाण्यातून काढत नसाल. पहिल्या वर्षी मीही काढला नव्हता. पंधरा किलो शेंगा आणल्या, घरादाराने सोलल्या आणि सगळे दाणे एकाच पिशवीत भरून ठेवले. फेब्रुवारीत त्याचा दगड झाला. पुलाव करायचा म्हणजे मी वरवंट्याने ठोकून वाटाणे काढायचे, आणि निघालेल्या दाण्यांना गवतासारखा वास.

दाणा तोडला तरी आत त्याचं पिकणं चालूच असतं. गारठ्यात ते मंदावतं, थांबत नाही. त्याला थांबवायला गरम पाण्याचा चटका हवा. मोठ्या पातेल्यात खळखळून उकळी आणा, दाणे टाका, पुन्हा उकळी फुटल्यावर दीड ते दोन मिनिटं. जास्त नाही, शिजवायचे नाहीत. लगेच चाळणीत ओतून बर्फाच्या पाण्यात. पूर्ण गार झाले की पंचावर पसरून अगदी कोरडे करा. ओले राहिले तर एकमेकांना धरून बसतात. मग ताटात एका थरात पसरून ते ताट तासा-दोन तासांसाठी फ्रीझरमध्ये ठेवा. दाणे सुटे सुटे गोठले की पिशव्या भरा आणि हवा दाबून काढा. एक पिशवी म्हणजे एका वेळची भाजी.

सोलाणे आणि तुरीचे दाणे असेच. किलोभर शेंगांतून साधारण अर्धा किलो दाणे निघतात, कधी थोडे कमीच, तेव्हा घेताना दाण्याचा हिशोब करा, शेंगांचा नाही.

टोमॅटो कसे ठेवायचे? सॉसच्या बाटल्या भराव्यात का?

बाटल्यांबद्दल खाली वेगळं लिहिलंय, ते नक्की वाचा. इथे फ्रीझरचं सांगते.

ऑगस्टपासून पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरायला लागतात. वीस किलोचा एक क्रेट. आम्ही जिन्यातल्या तीन घरांत मिळून एक घेतो. कधी भाव इतका पडतो की शेतकऱ्याचा तोडणीचा खर्चसुद्धा निघत नाही, आणि २०२३ च्या जुलैत याच टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली होती. त्या महिन्यात माझ्याकडे आदल्या हंगामातल्या गोठवलेल्या रसाचे चौदा-पंधरा खडे उरले होते. घरात कुणाला भाव कळला नाही म्हणा ना.

पूर्ण लाल, कडक टोमॅटो घ्या. बुडाला अधिकच्या खुणेसारखी चीर द्या, उकळत्या पाण्यात दोन-चार मिनिटं टाका, सालं आपोआप सुटतात. मिक्सरमधून काढा आणि जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर निम्म्याच्या जवळ येईपर्यंत आटवा. आटवायचं जागेसाठी. पाणी गोठवून ठेवण्यात काय हशील? गार झालं की बर्फाच्या ट्रेमध्ये ओता, गोठल्यावर खडे काढून पिशवीत. एका भाजीला दोन-तीन खडे. मीठ-साखर काही घालू नका, म्हणजे तो रस्स्यालाही चालतो आणि सारालाही.

कांदा फ्रीझरमध्ये ठेवू का?

लासलगावच्या जिल्ह्यात राहून कांदा फ्रीझरमध्ये? आपल्याकडे कांद्याला हवा देतात.

आधी कोणता कांदा ते पाहा. दिवाळीच्या आसपास येणारा लाल कांदा आणि त्यामागून येणारा रांगडा हे पाणीदार असतात, ते महिनाभरात खायचे. टिकतो तो उन्हाळ कांदा, मार्च ते मे मध्ये निघणारा. शेतकरी कांदाचाळीत, म्हणजे हवा खेळणाऱ्या शेडमध्ये, चार-पाच महिने ठेवतात तो हाच. घेताना तीन गोष्टी बघायच्या. मान बारीक आणि पूर्ण वाळलेली हवी, जाड मानेतून सड आत शिरते. पापुद्रा चढलेला हवा, हातात घेतला की सळसळ वाजला पाहिजे. आणि जोड कांदा किंवा कापलेला-खरचटलेला एकही नको.

माझ्या सासूबाई निफाड तालुक्यातल्या. त्या पोत्यात हात घालून कांदा न बघता बाजूला काढायच्या, बोटांनाच कळायचं. मला अजून ते जमत नाही, मी एकेक उजेडात धरून बघते.

घरी पन्नास किलो आणला तर तो पोत्यात ठेवू नका. जाळीच्या पिशव्यांत पाच-पाच किलो करून अडकवा, नाहीतर पलंगाखाली बांबूच्या पाटीवर एका थरात पसरा. बटाट्याच्या शेजारी नको, दोघंही एकमेकांना लवकर खराब करतात. दर रविवारी एकदा हात फिरवा. सडका एक राहिला तर आठवड्यात दहा होतात, वास तर आधीच सांगतो. पावसाळ्यात दमटपणाने कोंब यायला लागतात, तेव्हा कोंबाचे आधी संपवा.

गच्चीवर उभे काप वाळवून ठेवलेला कांदा मात्र फार कामाचा. कडकडीत वाळला की काळ्या मसाल्यात जातो आणि घाईच्या दिवशी रस्स्याच्या वाटणातही चालतो.

आणखी एक. भाव पडलेला असतो तेव्हा आपली चंगळ होते, पण डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा इथल्या शेतकऱ्यांची काय अवस्था झाली ते आपण पाहिलंय. टेम्पो लावून विकणाऱ्या शेतकऱ्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस मी करत नाही.

काय अजिबात फ्रीझ करू नये?

काकडी, मुळा, कच्चा बटाटा, दही, कढी, कवचासकट अंडी. उकडलेला बटाटा फोडी करून ठेवला तर वाळूसारखा होतो, पराठ्याच्या सारणात कुस्करलेला असेल तर खपतो. तळलेलं ठेवू नका, ताजं तळा. मेथी-पालक कच्चे नकोत. मेथी निवडून सावलीत वाळवा, तिचे ठेपले वर्षभर होतात.

कोथिंबीर कधी मातीमोल, कधी सोन्याच्या भावाने. यावर काही उपाय?

कोथिंबिरीचा भाव नाशिककरांनाही कळत नाही, तर इतरांचं काय सांगावं. दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात संध्याकाळी जुड्यांचा ढीग पडलेला असतो, आणि जोराचा पाऊस झाला की चौथ्या दिवशी ती हाताला लागत नाही.

आठ-दहा दिवसांसाठी: न धुता, मुळं छाटून, वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात, फ्रिजच्या खालच्या भागात. धुतलेली कोथिंबीर कुजते.

स्वस्त झाली की मी पाच-सहा जुड्या आणते आणि वड्या करते. बेसन, थोडं तांदळाचं पीठ, तीळ, ओवा, हिरवी मिरची-लसूण, हळद, आणि कोथिंबीर पिठापेक्षा जास्त. उंडे तेल लावलेल्या चाळणीत पंधरा-वीस मिनिटं वाफवायचे. पूर्ण गार होऊ द्यायचे, गरम कापले तर भुगा होतो. वड्या पाडून वाटाण्यासारख्याच ताटात सुट्या गोठवायच्या आणि मग डब्यात. दोन महिने छान राहतात. पाहुणे जिना चढत असताना तवा ठेवला तरी चालतं. अळूवडीचे उंडेही असेच, वाफवून, न तळता.

नोकरी करते, वाळवणाला सुट्टी कुठून आणू?

वाळवण सोडून दे. खरंच. दर रविवारी दोन तास पुरतात. एक वाटी मटकी शनिवारी सकाळी भिजव, रात्री फडक्यात बांध, रविवारी मोड आलेले असतात, अडीच-तीन वाट्या होतात. एकेका मिसळीच्या मापाने पिशव्या भर. दोन नारळ खवून सपाट पिशवीत. आलं-लसणाचं वाटण ट्रेमध्ये खडे करून. चपात्या दोन्ही बाजूंनी अर्ध्या भाजून, मध्ये कागद घालून. सणाच्या आधी पुरण शिजवून वाटून ठेवता येतं, ते गोठल्याने बिघडत नाही.

लसूण तेलात घालून बाटली ओट्यावर ठेवायची सवय असेल तर ती मोड. तेलाखाली हवा पोचत नाही आणि त्यात जीवघेणं विष तयार करणारे जंतू वाढू शकतात, वास किंवा चव बदलत नाही. ते वाटण फ्रीझरमध्येच.

दुधाची साय फ्रीझरमध्ये चालते?

चालते. आठ-दहा दिवसांची साय साठवा, काढून खाली ठेवा, विरजण लावा, घुसळा, लोणी कढवा. विकतच्या तुपापेक्षा यातली बचत मला सगळ्यात आधी दिसली.

रात्रभर लाईट गेली तर सगळं फेकायचं?

दार उघडून बघत बसलात तर फेकावं लागेल. भरलेल्या फ्रीझरचं दार बंद ठेवलं तर तो दीड-दोन दिवस गार राहतो, अर्धा भरलेला असेल तर साधारण दिवसभर. म्हणून माझ्याकडे जागा रिकामी असली की पाण्याच्या बाटल्या कोंबलेल्या असतात. खालच्या फ्रिजचं मात्र चार तासांपुढे खरं नाही. शिजवलेलं वरण-भात त्यात रात्रभर लाईटशिवाय राहिलं तर विसरा.

काढलेली पिशवी अजून कडक आहे, बर्फाचे कण आहेत, तर परत ठेवता येते, चव थोडी उतरते. पूर्ण मऊ पडून कोमट झालेलं परत गोठवायचं नाही.

एकदा आम्ही चार दिवस गावाला गेलो होतो. आलो तर सगळं जागच्या जागी, गोठलेलं. मी खूश. पण खडे पाहिले तर टोमॅटोचे सगळे खडे पिशवीत एक ढेकूळ झालेले. मध्येच कधीतरी लाईट जाऊन सगळं वितळलं होतं आणि परत गोठलं होतं. तेव्हापासून फ्रीझरमध्ये वाटीभर बर्फ असतो आणि त्यावर एक रुपयाचं नाणं. परत आल्यावर नाणं वरच असेल तर काळजी नाही. बुडाशी गेलं असेल तर त्या काळात बर्फाचं पाणी झालं होतं.

गव्हाला-डाळीला सोंडे लागतात. गोळ्या टाकू का?

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणूच नका. त्या गोदामासाठी आहेत. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद घरात त्याने माणसं दगावली आहेत. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. तांदळाला बोरिक पावडर चोळायची आमच्याकडे पद्धत होती, मी ती सोडली. कितीही धुतलं तरी ती पोटात जायची गोष्ट नाही.

काय करायचं ते साधं आहे. एप्रिलच्या उन्हात गहू दोन दिवस तापवा. संध्याकाळी गोळा करून घरात पूर्ण गार होऊ द्या आणि मगच कोठीत. गरम भरला तर आत घाम येतो आणि तिथूनच कीड सुरू होते. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे. तळाला, मध्ये आणि वर सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. तूरडाळीला किलोला चमचाभर एरंडेल तेल दोन्ही हातांनी चोळा, शिजवताना धुऊन जातं. रवा आणला की आधी तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, त्यातली अंडी मरतात, मग बाहेर आणून डब्यात.

शेंगदाण्यात काळपट, बुरशीचा किंवा कडवट दाणा दिसला तर निवडून फेका. भाजून बुरशीचं विष जात नाही.

नागलीला मात्र कीड जवळजवळ लागत नाही. पेठ-सुरगाण्याकडची नागली डब्यात ठेवली की वर्षं निघून जातात.

भगर पीठ करून ठेवलं तर चालेल का?

नको. भगर अख्खी ठेवा आणि लागेल तेवढीच दळा. ओलाव्याने भगरीच्या पिठात बुरशी धरते, आणि नवरात्रात, महाशिवरात्रीला भगरीच्या भाकरीने विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात त्या बहुतेक अशाच पिठाच्या. सुटं पीठ तर बाजारातून घेऊच नका.

कुरडया घरी करणं खरंच परवडतं का?

पैशाचं बघायचं तर हो. वेळेचं बघायचं तर तुमचं तुम्ही ठरवा. मी करते कारण मला गरम चीक आवडतो.

गहू तीन रात्री भिजतो, पाणी रोज बदलायचं, नाहीतर आंबूस वास कुरडईत उतरतो. चौथ्या दिवशी दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध बाहेर येतं आणि बोटात साल राहतं. तोवर थांबायचं. मग वाटायचा, गाळायचा, चोथा परत एकदा वाटून पिळायचा. गाळलेलं पातेलं रात्रभर न हलवता ठेवलं की सकाळी वर पिवळट पाणी आणि खाली घट्ट चीक बसलेला असतो. पाणी अलगद ओतून टाका.

माप सोपं: जेवढा चीक तेवढंच पाणी. पाण्यात मीठ आणि हिंग, उकळी फुटली की एका हाताने चिकाची धार धरायची, दुसऱ्या हाताने लाकडी उलथन्याने ढवळत राहायचं, आणि पातेलं धरायला तिसरा हात लागतो, म्हणून हे काम एकटीने करू नये. आमच्याकडे तो तिसरा हात ह्यांचा. चीक पांढरा दिसतो तोवर कच्चा. शिजत आला की काचेसारखा चमकायला लागतो आणि उलथनं जड होतं. झाकण ठेवून वाफ काढायची. आता पोरांच्या वाट्या पुढे येतात, गरम चीक, वर दूध-साखर. त्या भरेपर्यंत उरलेला गार होता कामा नये, सोऱ्यातून गरम असतानाच घालावा लागतो. हाताला चटके बसतात, पाणी लावत राहा.

ऊन सकाळी आठच्या आत धरायचं. दुसऱ्या दिवशी उलटवा, तिसऱ्या दिवशी कडक वाळली की डब्यात. तळताना फुलली नाही तर समजायचं चीक कच्चा राहिला. तेल गार असलं तरी तसंच होतं, आधी तेल बघा.

काळा मसाला किती दिवस टिकतो?

वर्षभर, नीट भाजला आणि कोरड्या बरणीत दाबून भरला तर. वर हिंगाचे खडे. डंकावर नेताना सोबत थांबा, निघून जाऊ नका. एका वर्षी मी घाईत मसाला ठेवून आले, परत घेतला तर माझ्या दगडफुलाच्या जागी आधीच्या कुणाच्या तरी धन्याचाच वास. पातेल्यात आधीच्या घाण्याचं उरलेलं असतं हे तेव्हा कळलं. आता आधी मूठभर मीठ फिरवून घ्यायला सांगते.

लोणच्याला वर पांढरी साय येते.

मीठ कमी पडलं किंवा फोडी ओल्या होत्या. किलोभर कैरीला दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ लागतंच. तब्येतीसाठी मीठ कमी करायचं असेल तर लोणचं कमी खा. फोडी पुसून तासभर वाऱ्यावर पसरा, आणि तेल गरम करून पूर्ण गार झाल्यावर फोडींच्या वर बोटभर येईल एवढं ओता. बुरशी धरलेलं वरचं काढून खालचं खाऊ नका.

बाहेरच्या देशातल्या व्हिडिओत भाज्या बाटलीत हवाबंद करून वर्षभर ठेवतात. आपला कुकर चालेल का?

नाही. आपला कुकर शिजवायला आहे, अशा बाटल्यांना लागतं तेवढं तापमान सारखं राखण्याची त्याची रचना नाही. मटार, मका, मशरूम यांसारख्या आंबटपणा नसलेल्या भाज्यांत हवाबंद बाटलीत बोटुलिनम नावाच्या जंतूचं विष तयार होऊ शकतं, त्याने माणूस लुळा पडतो, मरतोही. टोमॅटोसुद्धा आंबटपणाच्या सीमेवरचाच. बाटलीत ठेवायचंच असेल तर साखरेतलं ठेवा, मुरांबा, साखरांबा. भाजीला फ्रीझर आहे.

द्राक्षं स्वस्त झाली की बेदाणे घरी होतील?

होतात, पण निवडक घडाचे नकोत, त्यात पैसे जातात. मार्चमध्ये रस्त्याकडेला सुटे मणी स्वस्तात विकतात ते घ्या. चार किलोचे साधारण एक किलो होतात. उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं धरायचे, सालीला बारीक चिरा गेल्या की काढायचे, वर मलमलचं कापड टाकून उन्हात. रोज परतवा. विकतसारखे हिरवे-सोनेरी होत नाहीत, तपकिरी होतात. शिऱ्यात कुणी रंग बघत नाही.

शिजवलेली भाजी-भात गोठवताना काय पाळायचं?

दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. भाताचं विशेष, तो रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात तयार होणारं विष परत गरम करून जात नाही. पसरट भांड्यात लवकर गार होतो. वितळवायचं ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, आदल्या रात्री काढून. परत गरम करताना खदखदून उकळा. शिजवलेलं दोन-तीन महिन्यांत संपवा, त्यानंतर बिघडतं असं नाही, पण रस्सा पाणी-पाणी होतो.

डबे कुठले वापरू?

श्रीखंडाचे. प्रत्येक मराठी फ्रीझरमध्ये ते असतात आणि एकातही श्रीखंड नसतं. म्हणूनच चिकटपट्टीवर नाव आणि महिना लिहा. न लिहिता "मला आठवेल" म्हणणाऱ्या माझ्यासारख्या बाईने एकदा पाहुण्यांसमोर पुरण समजून बेसनाचं सारण पोळीत भरलं होतं.

यातून नक्की वाचतं किती?

ते घराघरावर आहे. भाव पडलेला असताना घेतलेला टोमॅटो, वाटाणा, कांदा यांत स्पष्ट वाचतं. मसाल्यात वाचतं. बटाट्याच्या वेफर्समध्ये तेल धरलं तर फार नाही. नागलीच्या पापडात वेळ इतका जातो की मी ते सुरगाण्याच्या बायकांकडूनच घेते, त्या माझ्यापेक्षा चांगले करतात. आणि फेकलेलं सगळं त्या वहीत लिहून वजा करायचं. पहिल्या वर्षी माझं वजा बरंच निघालं होतं.

तुमच्या घरात सध्या सगळ्यात जुनं काय आहे?

सासूबाईंनी घातलेलं लिंबाचं लोणचं. काळंभोर झालंय, साखर नाही, फक्त लिंबू, मीठ आणि ओवा. तापातून उठलेल्या माणसाला पेजेबरोबर त्यातली एक फोड देते. गेल्या पावसाळ्यात तळमजल्यावरचे आजोबा वाटी घेऊन स्वतः वर आले होते. आता बरणीत सात फोडी आहेत, आणि यंदा पातळ सालीची कागदी लिंबं बघून ठेवली आहेत.